वाण आणि गुण

आमच्या गावच्या समाजमंदिरात संध्याकाळी सात ते साडेआठ वर्ग भरतो. शिकणारे नऊजण. सात बाया, दोन पुरुष. सगळ्यात लहान बाई पस्तिशीची. सगळ्यात मोठ्या आजीला वय विचारलं तर ती सांगते, "गांधीबाबा गेले तवा मी मायच्या पोटात होती." आता करा हिशोब. शिकवणारा मी. शिक्षण दहावी, धंदा आर्वी तालुक्यात कपाशी, तूर आणि थोडी संत्री. नवभारत साक्षरता कार्यक्रम 2022 साली सुरू झाला तेव्हा गावोगाव स्वयंसेवक पाहिजे होते. पगार नाही, मानधन नाही, त्यामुळे गर्दी नव्हती. शाळेतल्या गुरुजींनी मला विचारलं आणि मी हो म्हटलं. घरी बायको म्हणाली, "दिवसभर वावरात बडबड करता, आता रातच्यालेबी सोय झाली."

एका संध्याकाळी फळ्यावर नाक, कान, डोळा, हात असे सोपे शब्द होते. 'नाक' वाचून झालं तशी मधल्या रांगेतली एक सूनबाई हसून म्हणाली, "नाक त आमच्या घरी एकच हाय जी भाऊ, सासऱ्याचं. माह्या तिन्ही पोरीइले तेच बसलं." सगळे हसले. तिची सासू तिच्याच शेजारी बसते, दोघी एकाच पाटीवर गिरवतात. सासू हसली नाही. म्हणाली, "नाक घेतलं, पन वंश नाई देल्ला."

हसणं तिथंच थांबलं. सूनबाईनं मान खाली घालून 'कान' गिरवायला सुरुवात केली. मी पुढचा शब्द घेतला, पण माझं लक्ष त्यात नव्हतं.

त्या रात्री नातीचं नववीचं विज्ञानाचं पुस्तक काढलं. त्यात 'आनुवंशिकता व परिवर्तन' असा धडा आहे. आमच्या वेळच्या पुस्तकात काय होतं ते आठवत नाही, पण हा धडा वाचताना वाटलं, यातलं अर्धं तर आपल्याला गोठ्यात आणि वावरात माहीतच आहे. फक्त नावं नवीन. मग ठरवलं, चार संध्याकाळी हेच घेऊ. त्या चार संध्याकाळी लांबत लांबत दोन महिन्यांवर गेल्या.

सुरुवात म्हणीनं केली. "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला." ही म्हण सगळ्यांना येत होती. आमचा भाग गवळाऊ बैलांचा, पांढऱ्या अंगाचे, उंच, चालायला चपळ. म्हणून बैलावरचं बोलणं इथं कोणाला समजवावं लागत नाही. मी विचारलं, वाण म्हणजे काय? एकजण म्हणाला रंग, दुसऱ्यानं सांगितलं जात. गुण म्हणजे? मारकेपणा, बसकेपणा, गाडीला जुंपलं की मान टाकणं. मग शेजारी बांधल्यानं काय लागतं आणि काय लागत नाही? आजीबाई म्हणाली, "पांढऱ्यापाशी बांधून काया बैल पांढरा होत नाई. पन मारक्यापाशी बांधला त शिंग उगारते." मी म्हटलं, आजी, विज्ञानाचा अर्धा धडा तुम्ही सांगितला. मायबापाकडून जे येतं ते वाण, आणि आजूबाजूनं, खाण्यापिण्यानं, संगतीनं जे लागतं ते गुण. आता पाहायचं एवढंच की माणसात कोणतं कुठून येतं. कारण सोपी म्हण इथंच संपते. पुष्कळ गोष्टी दोन्ही मिळून होतात.

हे दोन्ही मिळून होणं समजवायला मला आमची संत्री सापडली. वर्गातल्या एका काकाजींनी आणि त्यांच्या धुऱ्याला लागून असलेल्या शेतकऱ्यानं एकाच वर्षी, एकाच रोपवाटिकेतून कलमा आणल्या होत्या. कलम म्हणजे जंबेरीच्या खुंटावर चांगल्या संत्र्याच्या झाडाचा डोळा बांधलेला. डोळा एकाच झाडाचा असला की वरची सगळी झाडं त्या झाडाची नक्कलच. वाण तोच, काडीचाही फरक नाही. आज शेजाऱ्याच्या बागेत झाडं हिरवीगार, फळ मुठीत मावत नाही. काकाजींच्या बागेत पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, फळ लिंबाएवढं. कारण त्यांच्या वावरात दोन फुटांखाली चुनखडी लागते. चुन्याच्या जमिनीत लोह असलं तरी झाडाला उचलता येत नाही. काकाजींनी आधी रोपवाटिकावाल्याला शिव्या घातल्या होत्या, ते त्यांनी स्वतःच वर्गात सांगितलं. मी विचारलं, "काकाजी, मग खराब काय हाय, डोया का जमीन?" ते म्हणाले, "डोया त चांगलाच हाय ना बाप्पा. माह्या जमिनीनं त्याले मोठं नाई होऊ देल्लं." हे वाक्य मी फळ्यावर लिहून सगळ्यांकडून वाचून घेतलं. जोडाक्षरं फार होती, पण कोणी कुरकुर केली नाही.

बियाण्याची गोष्ट कपाशीवरून. आमच्या लहानपणी 'एच-फोर' कपाशी आली. सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी ती 1970 साली काढली, आणि व्यापारी लागवडीसाठीची जगातली ती पहिली संकरित कपाशी. आमच्या बापजाद्यांना सरकी घरचीच पेरायची सवय. पहिल्या वर्षी संकरित पऱ्हाटी एकसारखी, बोंडांनी लदलेली पाहून पुष्कळांनी तिचीच सरकी दुसऱ्या वर्षी पेरली. झालं काय? एक झाड कमरेएवढं, एक गुडघ्याएवढं, एकाला बोंड मोठं, एकाला बारीक. लोक म्हणाले कंपनीची लबाडी आहे. लबाडी नव्हती. दोन वाणांच्या मायबापाचे गुण पहिल्या पिढीत एकत्र दिसतात आणि दुसऱ्या पिढीत फुटून वेगळे होतात.

हे फुटणं पहिल्यांदा ज्यानं मोजलं तोही शेतकऱ्याचाच पोरगा होता. ग्रेगोर मेंडेल, जन्म 1822. आज ज्याला चेक देश म्हणतात तिथल्या ब्रनो गावच्या मठात राहून त्यानं आठ वर्षं वाटाणे लावले, अठ्ठावीस हजारांच्या आसपास झाडं. उंच आणि ठेंगणं यांचा संकर केला तर पहिल्या पिढीत सगळी उंच. त्यांचंच बी पेरलं तर 787 उंच आणि 277 ठेंगणी. म्हणजे तिनाला एक. ठेंगणेपणा गेला नव्हता, दबून बसला होता. त्यानं हे 1866 साली छापलं आणि कोणी फारसं लक्ष दिलं नाही. तो 1884 ला गेला, आणि लोकांनी त्याचं काम 1900 साली पुन्हा शोधून काढलं. आजीबाईला याचं फार वाईट वाटलं. "बिचाऱ्याले जितेपनी कोनी विचारलंच नाई," म्हणाली. शेतकऱ्याच्या घरचा होता म्हणून आठ वर्षं बांधावर बसून मोजत राहिला, असं माझं मत. एरवी एवढा धीर कोणाला असतो?

यापुढे फळा कमी पडला, तेव्हा बायकोकडून दोन गडवे आणि बरबटीचे दाणे मागून आणले, लाल आणि पांढरे. सांगितलं असं: शरीरातल्या प्रत्येक पेशीत 46 गुणसूत्रं असतात, 23 जोड्या. जोडीतलं एक मायकडून, एक बापाकडून. त्यावर जनुकं बसलेली. 'जनुक' हा शब्द सगळ्यांना लगेच लिहिता आला. 'गुणसूत्र'ला तीन दिवस लागले. प्रत्येक गोष्टीचे आपल्याजवळ दोन दाणे, आणि लेकराला देताना दोनातला एकच देता येतो. कोणता, ते आपल्या हातात नाही. डोळे मिटून गडव्यात हात घालायचा.

पोरगा का पोरगी, हा दाण्यांचा सगळ्यात सोपा खेळ. तो मी मुद्दाम त्या सासूबाईला खेळायला बोलावलं. पहिला गडवा मायचा, त्यात दोन्ही दाणे पांढरे. दुसरा बापाचा, त्यात एक पांढरा, एक लाल. दोन पांढरे जुळले तर पोरगी. पांढरा आणि लाल जुळला तर पोरगा. दहा वेळा काढायचं आणि दर वेळी दाणे परत टाकायचे.

सासूबाईनं पदर खोचला आणि डोळे गच्च मिटून हात घातला. सून बाजूला बसून पाटीवर रेघा ओढत होती, पोरगी झाली की आडवी, पोरगा झाला की उभी. पहिले चारही आडवे आले. कोणी काही बोललं नाही. शेवटी दहापैकी सहा पोरी, चार पोरं. मी विचारलं, "मायच्या गडव्यातून लाल किती वेळा आला?" सासूबाईनं गडवा उपडा करून पाहिला. दोन्ही दाणे तळहातावर घेतले.

"इच्यात लाल हायच नाई."

"नाई."

"मंग इनं कुठून देल्ला असता?"

मी उत्तर दिलं नाही, कारण तिनं मला विचारलेलं नव्हतं. सूनबाई पाटी पुसत होती, रेघा कधीच्या पुसल्या गेल्या तरी पुसतच होती. थोड्या वेळानं सासूबाई म्हणाली, "म्हंजे माह्या पोराचा दोष झाला." मी म्हटलं, "मामीजी, आत्ता तुम्ही दहादा हात घातला. लाल यावा असं तुमच्या मनात होतं ना? मग तुमच्या मनासारखा आला का?" ती म्हणाली, "माह्या हातात होतं का ते." "मग त्याच्याही नाई."

घरी जाऊन काय झालं ते मला माहीत नाही. दोन दिवस दोघी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या तेव्हा सासूबाईच्या बोटाला धरून मधली नात आली होती, तेच नाक घेऊन. ती आता रोज येते आणि आजीच्या चुका काढते.

माणसाच्या सगळ्या गोष्टी अशा दोन दाण्यांच्या असत्या तर माझं काम सोपं होतं. उंची, रंग, अंगाची ठेवण, यात पुष्कळ जनुकांचा हात असतो आणि वर खाण्यापिण्याचा. एका गडव्यात मावत नाही ते. वर्गातले दुसरे गृहस्थ पन्नाशीचे, आयुष्यभर सालदारकी केलेले. ते म्हणाले, "आमच्या घरान्यात डोकंच नाई जी. बापाले नाई आलं, आज्याले नाई आलं, मले काय येईन?" हा माणूस कापसाच्या बाजारात क्विंटलचा भाव कानावर पडला की कडता कापून बंडीभर कापसाचे पैसे तोंडी सांगतो. व्यापाऱ्याचा कॅल्क्युलेटर मागून येतो. मी त्यांना विचारलं, तुमच्या आज्याच्या काळात गावात शाळा होती का? नव्हती. बापाच्या वेळी? होती, पण बाप ढोरं चारायला. मग डोकं नव्हतं का शाळा नव्हती? ते काकाजींच्या संत्र्याकडे बोट करून हसले.

'रक्तातच नाही' हे मी आयुष्यभर ऐकत आलो. अमक्यांच्या रक्तात शेती नाही, तमक्यांच्या रक्तात विद्या नाही. बोलणारा बहुतेक वेळा तोच असतो ज्याच्या वाटची काळी जमीन आणि पाणी आधीच ठरलेलं असतं. जमीन चुनखडीची द्यायची आणि मग म्हणायचं, यांचा डोळाच खराब. याबद्दल मी वर्गात फार बोललो, जरा जास्तच. सूनबाईनं आठवण केली, "भाऊ, साडेआठ झाले."

याच गृहस्थांचं दुसरं म्हणणं शुगरचं. बापाला होती, भावाला आहे. "रक्तातच हाय त पथ्य पाळून काय होते?" इथं नुसतं नाही म्हणून चालत नाही. घराण्यात मधुमेह असला की धोका वाढतो हे खरंच आहे. पण तेवढंच खरं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून गरोदर बाया आणि त्यांच्या लेकरांचा अभ्यास केला. आपली लेकरं जन्मताना सरासरी पावणेतीन किलोच्या आसपास, इंग्लंडातली साडेतीन. पण आपलं लेकरू दिसायला बारीक असलं तरी त्याच्या अंगात स्नायूंच्या मानानं चरबी जास्त. मायच्या पोटात असतानाच काटकसर शिकलेलं शरीर ते. पुढं त्याला बसून खायला मिळालं की साखर चढायला वेळ लागत नाही. म्हणजे माती पेरणीनंतर सुरू होते असं नाही, मायचं पोट हीच पहिली जमीन. हे ऐकून बायांमध्ये जी चर्चा सुरू झाली ती मला आवरता आली नाही. कोणत्या बाईनं कितव्या महिन्यापर्यंत निंदण केलं, कोणाला सगळ्यांची जेवणं झाल्यावर गंजाच्या बुडाची खरवड मिळाली. त्यातलं पुष्कळसं मी पुरुष म्हणून पहिल्यांदा ऐकलं. सालदार गृहस्थ शेवटी म्हणाले, "म्हंजे बापानं दाना देल्ला, पन चहातली साखर मीच टाकून रायलो." ते अजून दोन चमचे घेतात. पूर्वी चार घ्यायचे.

आता सांगायचं ते दाराजवळ बसणाऱ्या बाईचं. ती दाराजवळ बसते कारण सात वर्षांचा नातू घरी असतो आणि त्याची हाक आली की तिला पळावं लागतं. नातू पोरीचा. त्याला सिकलसेल आहे. पोरगी-जावई दूर राहतात, आणि सेवाग्रामचा दवाखाना इकडून जवळ म्हणून पोराला आजीजवळ ठेवलं आहे. हातपाय दुखायला लागले की तो रात्र-रात्र रडतो. डोळे पिवळे दिसतात. पोरीच्या सासरचे सांगतात, "तुमच्या घरचं रक्त खराब." हिनंही बरीच वर्षं ते ऐकून घेतलं. करणी झाली म्हणून एकदा कोंबडा दिला, एकदा बकरा.

आमच्या विदर्भात हा आजार घरोघरच्या बोलण्यात नसला तरी गावोगाव आहे. देशभराची सिकलसेल निर्मूलन मोहीम 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलला सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि 2047 पर्यंत आजार हटवायचा असं तिचं उद्दिष्ट. तपासणीचं कार्ड मिळतं, पण त्यावरची अक्षरं इंग्रजी. आमच्या वर्गानं मराठी बाराखडी पुरी व्हायच्या आधी इंग्रजीतली दोन अक्षरं शिकून घेतली, 'ए' आणि 'एस'. गरज तेवढीच होती.

दाणे पुन्हा बाहेर काढले. लाल दाणा म्हणजे 'ए', चांगला. पांढरा म्हणजे 'एस'. दोन्ही लाल असले तर काही नाही. एक लाल एक पांढरा असला तर तो वाहक, त्याला सहसा काही त्रास होत नाही, चांगलं धडधाकट आयुष्य जातं, म्हणूनच कळतही नाही. दोन्ही पांढरे आले तर आजार. रक्तातल्या लाल पेशी गोल, लवचिक असतात त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि दुखणं सुरू होतं. चांगली पेशी 120 दिवस जगते, वाकलेली दहा-वीस दिवसांत मरते, म्हणून अंगात रक्त पुरत नाही.

ती बाई म्हणाली, "म्हंजे दोन पांढरे. एक माह्या पोरीचा. दुसरा?"

"जावयाचा."

"त्याईच्याबी घरून आला?"

"त्याशिवाय होतच नाही."

ती बराच वेळ दाण्यांकडे पाहत होती. सात वर्षं एकटीच्या डोक्यावर असलेलं ओझं दोघांत वाटलं गेलं, असं काहीसं तिच्या तोंडावर दिसलं. मी घाईनं म्हटलं, आता तुम्ही उलट त्यांना ऐकवू नका, त्यांनी तरी कुठं पाहून दिला. आजीबाईनं विचारलं, असा वाईट दाणा देवानं ठेवलाच कशाला? याचं उत्तर पुस्तकापलीकडचं होतं, पण मला ठाऊक होतं. ज्याच्याजवळ एकच 'एस' असतो त्याला हिवताप जीवघेणा होण्याचा धोका कमी असतो. ॲलिसन नावाच्या डॉक्टरनं 1954 साली आफ्रिकेत हे दाखवून दिलं. जिथं पिढ्यानपिढ्या हिवतापानं माणसं मेली तिथं हा दाणा टिकला, कारण एकटा असताना तो राखण करत होता. आजी म्हणाली, "राखनदारच चोर निघाला म्हना ना."

आणि इथंही माती आहेच. नातवाचे दाणे बदलत नाहीत, पण अंगात पाणी कमी पडलं, कडाक्याची थंडी लागली, ताप आला, उन्हात दमला, की पेशी जास्त वाकतात आणि कळा येतात. दवाखान्यातल्या गोळ्या वेळेवर, पाणी भरपूर, थंडीत स्वेटर, हे ज्या घरात पाळलं जातं तिथल्या पोराचे दुखण्याचे दिवस कमी होतात. तिनं नातवासाठी वेगळा गडवा ठेवला आणि दिवसातून तो किती वेळा रिकामा झाला त्याच्या रेघा भिंतीवर कोळशानं ओढायला लागली. अंक तिला तिथंच पक्के झाले.

तिच्या पोरीचा एक समज होता. फोनवरून तिनं मायला सांगितलं, चारात एक होते म्हणतात, एक झाला, आता तीन चांगले होतील. हा समज मी सुशिक्षितांतही पाहिला आहे. चारात एक ही गोष्ट दर खेपेची आहे, दाणे दर वेळी परत गडव्यात जातात. गडव्याला आठवण नसते. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांतच तपासता येतं, ते डॉक्टरला विचारून करा, एवढं मी फोनवर सांगितलं.

पण खरा पेच वेगळाच होता. तिचा धाकटा पोरगा चोवीस वर्षांचा. त्याचं आणि तिच्या भावाच्या पोरीचं लग्न लहानपणापासून बोललेलं. मामाची पोरगी करायची आमच्याकडे रीतच आहे, भाऊ-बहिणीचं येणंजाणं टिकतं. शिबिरात पोराचं कार्ड आलं, 'ए एस'. तिनं ते स्वतः वाचलं आणि वर्ग सुटल्यावर थांबून मला विचारलं, "भाऊ, माह्यात असन त माह्या दादातबी असू शकते ना?" असू शकते. बहीण-भावाचा गडवा एकच, माय-बापाचा. तोच एक दाणा एका फांदीनं तिच्या पोरात आला, दुसऱ्या फांदीनं भावाच्या पोरीत गेला असेल. जवळच्या नात्यात लग्न केलं की असे दबून बसलेले दोन दाणे समोरासमोर यायची शक्यता वाढते.

तिनं भावाला पोरीचं रक्त तपासायला सांगितलं. भाऊ भडकला. माझ्या पोरीच्या रक्तावर संशय? शेवटी पोरीनंच आत्याला फोन केला. कॉलेजात तपासणी झाली होती, कार्ड तिच्या पेटीत होतं. "आत्या, माह्याबी कार्डावर दोन अक्षरं हायेत," म्हणाली.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर तिनं दोन्ही गडवे पुढं ओढले. दोन्हींत एक लाल, एक पांढरा टाकला. चार वेळा काढलं. एकदाही दोन पांढरे आले नाहीत. माझ्याकडे पाहून म्हणाली, "पाहा." मी गप्प बसलो. पाचव्यांदा दोन्ही पांढरे आले. ती दाणे हातात घेऊन बसली. घरून नातवानं हाक मारली तशी उठली आणि दाणे तसेच मुठीत घेऊन गेली.

लग्न करा किंवा करू नका, असं मी म्हटलं नाही. करूनही तपासणीचा मार्ग आहे, हे सांगितलं. त्या नातवाजवळ रात्री कोण बसतं हे तिला माहीत होतं, मला नाही. तिनं पोराशी बोलून लग्न मोडलं. भावानं बोलणं टाकलं. दिवाळीत भाऊबीजेला तो आला नाही. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तिचं ताट तसंच राहिलं.

दिवाळीनंतर वर्ग पुन्हा सुरू झाला त्या दिवशी ती कागद घेऊन आली. म्हणाली, "फोन तो उचलत नाई. मले लिवायचं हाय." मी म्हटलं, सांगा, मी लिहितो. तर म्हणे, "मंग मी काऊन शिकली?" चार संध्याकाळी लागल्या. पाटीवर लिहायची, पुसायची, परत लिहायची. सूनबाईनं दोन शब्दांत मदत केली. तिसऱ्या दिवशी सासूबाईनं सांगितलं, सुरुवातीला भावाची तब्येत विचारायची असते, म्हणून वर एक ओळ वाढली. झालं ते असं:

"दादा, तू कसा आहेस. दोष तुजा नाही माजा नाही. आपल्या मायचा नाहीतर बाचा एक दाना दोघांकडे आला. तुजी पोरगी माजीच आहे. तिला दुसऱ्या घरी देतांना साडी मीच नेसवीन. कार्ड पाहून दे. तुजं ताट ठेवलं आहे."

'तुझा'तला झ आणि 'दाणा'तला ण सुधारायचे होते. मी पेन उचललं नाही. पत्ता तिला पाठ होता, पिनकोडचे सहा आकडे मी सांगितले आणि तिनं लिहिले, एका घरात एक. पाकीट चिकटवायला वर्गात डिंक नव्हता. आजीबाईनं घरून शिजलेल्या भाताची दोन शितं आणली.